गोल बुरूज

गेल्या उन्हाळ्यात इंग्लंडमधील केंट परगण्यातल्या एका लहानशा धर्मग्रामात महिनाभर सेवा करण्याचा योग आम्हांला आला. तेथील धर्मगुरू विश्रांतीसाठी गेले होते. त्यांच्या जागी रोजची मिस्सा, आजाऱ्यांच्या भेटी आणि रविवारचे प्रवचन एवढेच काम आमच्याकडे होते. आपल्याकडे धर्मगुरूच्या दारात पहाटेपासून माणसे असतात. कोणाला बाप्तिस्म्याचा दाखला हवा असतो, कोणाच्या घरी वाटणीवरून भांडण लागलेले असते. तिकडे दाराची घंटा दिवसातून एकदा वाजली तरी पुष्कळ. अशा निवांतपणात मागे ठेवून आलेल्या गोष्टी मनुष्याला फार आठवतात.

आम्ही मागे ठेवून आलो होतो एक भिंत.

वसई परिसरातील आमच्या चर्चचे आवार मोठे आहे. चर्च, शाळा, दफनभूमी आणि मागे जुनी नारळी-फणसाची बाग. मुंबईचे वारे आपल्या गावांत शिरल्यापासून जमिनीला आलेला भाव वाचकांना ठाऊकच आहे. एका पावसाळ्यानंतर आमच्या बागेचा एका बाजूचा बांध सरकलेला आढळला. पॅरिश कौन्सिलची सभा झाली आणि चारी बाजूंनी आठ फूट उंचीची भिंत घालावी असे ठरले. आम्ही त्यास मनापासून पाठिंबा दिला. किंबहुना वर्गणीसाठी घरोघर आम्हीच फिरलो.

त्या बागेतून एक पाऊलवाट जात असे. मागच्या पाड्यावरची आदिवासी माणसे त्या वाटेने बसथांब्यावर जात, मुले शाळेत जात. ती वाट चर्चपेक्षा जुनी की चर्च वाटेपेक्षा जुने, हे सांगणारे आज कोणी उरलेले नाही. भिंतीने ती बंद होणार होती. पाया खणला जात असताना पाड्यावरच्या एक आजी डोक्यावरची मोळी खाली ठेवून आमच्यापुढे उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "फादर, तेवढी वाट ऱ्हाऊ द्या. रस्त्यानं लांब पडतं, गुडघं चालत नाय."

आम्ही म्हणालो, "आजी, कौन्सिलचा निर्णय झाला आहे."

हे उत्तर खोटे नव्हते. परंतु त्या कौन्सिलचे अध्यक्ष आम्हीच होतो. आजींची वाट नाकारताना आम्ही स्वतःसाठी मात्र पळवाट काढली होती. आजींनी वाद घातला नाही. मोळी उचलली आणि त्या गेल्या. पुढच्याच आठवड्यात आम्ही विमानात बसलो.

केंटमध्ये रोजच्या मिस्सेला एक वृद्ध गृहस्थ येत. ते इतिहासाचे निवृत्त शिक्षक होते आणि वय ऐंशीच्या घरात होते. एके सकाळी मिस्सेनंतर आम्ही मोबाईलवर गावाहून आलेले छायाचित्र पाहत होतो. आमच्या खजिनदारांनी पूर्ण झालेल्या भिंतीचे चित्र मोठ्या कौतुकाने पाठवले होते. मास्तर जवळ उभे होते, म्हणून ते आम्ही त्यांनाही दाखवले. त्यांनी चष्मा सावरून बराच वेळ पाहिले आणि विचारले, "भक्कम आहे. कोणाविरुद्ध बांधली?"

आम्ही जमिनीच्या भावाचे, सरकणाऱ्या बांधाचे सर्व सांगितले. पाऊलवाटेचे मात्र सांगितले नाही. मास्तर म्हणाले, "फादर, उद्या तुम्हांला एका बिशपांनी बांधलेली भिंत दाखवतो."

दुसऱ्या दिवशी त्यांच्या छोट्या मोटारीतून आम्ही रॉचेस्टरला गेलो. मेडवे नदीच्या काठी वसलेले हे गाव रोमन काळापासूनचे. लंडनहून डोव्हर बंदराकडे जाणारा प्राचीन रोमन रस्ता येथेच नदी ओलांडतो. ज्याच्या हाती हा पूल, त्याच्या हाती लंडनची वाट. म्हणून येथे किल्ला हवा होता.

पुलावरून येताना प्रथम दिसतो तो बालेकिल्ला. ११३ फूट उंचीचा, सुमारे ७० फूट लांब-रुंद असा दगडी मनोरा गावाच्या डोक्यावर उभा आहे. कोपऱ्यांवरचे बुरूज त्याहूनही बारा फूट उंच. पायथ्याशी भिंतीची जाडी १२ फूट आहे. इंग्लंडमध्ये उभ्या असलेल्या नॉर्मन बालेकिल्ल्यांत हा सर्वांत उंच. आतले मजले आणि छप्पर गेले आहे; परंतु चारही भिंती माथ्यापर्यंत शाबूत आहेत. आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर कॅथेड्रल. मधे केवळ एक रस्ता आणि किल्ल्याचा जुना खंदक. सत्तेचे घर आणि प्रार्थनेचे घर इतके जवळजवळ उभे असलेले आम्ही आपल्या वसईच्या किल्ल्यातच काय ते पाहिले होते.

मास्तरांनी आम्हांला मनोऱ्याभोवती एक फेरी मारायला लावली आणि विचारले, "काही वेगळे दिसते का?" आम्ही नीट पाहिले. तीन कोपऱ्यांवरचे बुरूज चौकोनी होते. आग्नेयेकडचा चौथा मात्र गोल होता. "त्याचे कारण शेवटी सांगतो," मास्तर म्हणाले, "आधी बिशप."

नॉर्मन लोक मूळचे उत्तरेकडून आलेले समुद्री लुटारू. फ्रान्सच्या किनाऱ्यावर स्थायिक होऊन ते ख्रिस्ती झाले, फ्रेंच बोलू लागले, आणि त्या प्रांताला त्यांचेच नाव पडले. १०६६ साली त्यांचा सरदार विल्यम याने इंग्लंड जिंकले. जिंकलेल्या देशात मूठभर परक्यांनी राहायचे तर आश्रय हवा. त्यांनी गावोगावी मातीचे उंचवटे रचून त्यांवर लाकडी कोट उभारले आणि पुढे जेथे गरज तेथे दगडी किल्ले बांधले. इंग्रजांना तोपर्यंत अशा किल्ल्यांची फारशी सवय नव्हती. त्या भिंती परचक्रासाठी होत्या तशाच आपल्या प्रजेवर वचक बसविण्यासाठीही होत्या. "कोणाविरुद्ध?" हा मास्तरांचा कालचा प्रश्न आमच्या मनात पुन्हा उभा राहिला.

या नॉर्मनांबरोबर मठवासीही आले. सेमिनरीत ख्रिस्तसभेचा इतिहास शिकताना बेक येथील मठाचे नाव आम्ही पाठ केले होते. कारण लॅन्फ्रँक आणि संत अ‍ॅन्सेल्म हे कँटरबरीचे दोन थोर आर्चबिशप त्या मठाने दिले. त्यांचा एक सोबती होता गंडल्फ. तरुणपणी यरुशलेमची यात्रा करून परतताना समुद्रात वादळात सापडला असता त्याने मठवासी होण्याचा नवस केला, असे त्याचे चरित्रकार सांगतात. प्रार्थना करताना त्याच्या डोळ्यांना धारा लागत, म्हणून तो रडणारा संन्यासी या नावाने ओळखला जाई. १०७७ साली तो रॉचेस्टरचा बिशप झाला.

या रडणाऱ्या संन्याशाच्या अंगी आणखी एक गुण होता. दगडी बांधकामात त्याचा हात धरणारा त्या काळी कोणी नव्हता. लंडनचा सुप्रसिद्ध टॉवर, म्हणजे त्यातील मधला पांढरा मनोरा, बांधण्याच्या कामावर विल्यम राजाने याच बिशपाची देखरेख ठेवली होती. लंडनला जाणारा आपला प्रत्येक प्रवासी ज्याच्यासमोर उभा राहून छायाचित्र काढतो, त्या मनोऱ्याचा बांधकामप्रमुख एक मठवासी बिशप होता हे आम्हांला ठाऊक नव्हते.

रॉचेस्टरच्या तटबंदीची कथा त्याहूनही बोधप्रद आहे. विल्यमनंतर त्याचा मुलगा दुसरा विल्यम गादीवर आला. हडनम नावाच्या गावाचे उत्पन्न रॉचेस्टरच्या चर्चकडे कायम व्हावे अशी लॅन्फ्रँक व गंडल्फ यांची विनंती होती. राजाने त्यासाठी १०० पौंड मागितले. एवढी रक्कम देणे बिशपांना शक्य नव्हते. तेव्हा दरबारातील दोघा सरदारांनी तोड सुचवली: बिशपांना बांधकाम येते, तर त्यांनी पैशांऐवजी राजाला रॉचेस्टरचा किल्ला दगडात बांधून द्यावा. दोघेही धर्मगुरू कचरले. त्यांना भीती वाटली ती ही की, एकदा किल्ला बांधला की पुढे त्याचा एखादा दगड ढासळला तरी राजा डागडुजीसाठी चर्चच्याच दारी येईल, आणि हे ओझे कायमचे गळ्यात पडेल. एकदा बांधून दिल्यावर पुन्हा काही मागणार नाही, असे आश्वासन मिळाल्यावर गंडल्फ तयार झाला. त्याला ६० पौंड खर्च आला. नदीच्या बाजूला त्याने बांधलेल्या तटाचा भाग अजून उभा आहे.

आम्ही त्या तटाला हात लावून उभे राहिलो. नऊशेहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या बोलण्यातील एक शब्द आम्हांला सोडीना: डागडुजी. भिंत एकदाच बांधावी लागते असे आपण समजतो. प्रत्यक्षात ती रोज राखावी लागते. आणि ती राखताना मनुष्याचा स्वभावही हळूहळू किल्लेदाराचा होत जातो.

मोठा बालेकिल्ला गंडल्फनंतरचा. ११२७ साली पहिल्या हेन्री राजाने किल्ल्याचा ताबा कँटरबरीचे आर्चबिशप विल्यम यांना व त्यांच्या उत्तराधिकाऱ्यांना दिला आणि आत मनोरा बांधण्याची परवानगी दिली. म्हणजे हाही धर्माधिकाऱ्यांच्याच हातून उभा राहिला. दगड केंटमधला, पण कोपऱ्यांचे आणि कमानींचे घडीव दगड समुद्रापार नॉर्मंडीतील काँ शहराच्या खाणीतून आणलेले.

मास्तरांनी प्रवेशद्वारापाशी आम्हांला निरोप दिला. "माझे गुडघे आता वर येत नाहीत. तुम्ही जा, मी बाकावर बसतो." त्यांनी हे सहज म्हटले, परंतु आम्ही क्षणभर थबकलो.

आत शिरताच दृष्टी आपोआप वर जाते, कारण मधे काहीच नाही. चार मजल्यांच्या तुळया ज्यांत बसवल्या होत्या ती भोके भिंतींवर ओळीने दिसतात आणि माथ्यावर आकाशाचा चौकोन. पारव्यांनी तेथे बिऱ्हाडे केली आहेत. मनोऱ्याच्या मधोमध एक आडवी भिंत आहे आणि तिच्या पोटातून विहिरीचा आड तळापासून वरपर्यंत गेला आहे. प्रत्येक मजल्यावरून पोहरा सोडून पाणी काढता येई. वेढ्यात पाणी तोडले जाऊ नये म्हणून केलेली ही योजना पाहून आपल्या सह्याद्रीवरील गडांच्या टाक्यांची आठवण झाली. भिंतींच्या जाडीतच फिरता जिना, खोल्या आणि सज्जे कोरले आहेत. वरच्या मुख्य दालनातील आडव्या भिंतीत मोठ्या कमानी आहेत आणि त्यांवर नागमोडी नक्षी. प्रवेशाच्या पुढच्या इमारतीत वरच्या अंगाला चॅपेल होते. येथे मिस्सा होत असेल, पलीकडे भाले परजले जात असतील, आणि दोन्हींसाठी पाणी एकाच विहिरीचे.

माथ्यावर पोहोचल्यावर एका बाजूला मेडवेचे वळण आणि दुसऱ्या बाजूला कॅथेड्रलचा मनोरा दिसला. किल्ल्यावरून कॅथेड्रलकडे खाली पाहावे लागते. बिशपांनी बांधलेल्या किल्ल्यावरून देवाच्या मंदिराकडे असे पाहणे आम्हांला रुचले नाही.

खाली आल्यावर मास्तरांनी राहिलेली कथा सांगितली.

१२१५ सालच्या जून महिन्यात इंग्लंडच्या सरदारांनी जॉन राजाकडून मॅग्ना कार्टा ही हक्कांची सनद मिळवली. त्या घडामोडींत आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांचा मोठा वाटा होता. पवित्र शास्त्राचे आज आपण वापरतो ते अध्याय पाडण्याचे श्रेयही परंपरेने त्यांनाच दिले जाते. परंतु काही आठवड्यांतच राजा सनदेवर उलटला आणि युद्ध पेटले. ऑक्टोबरमध्ये बंडखोर सरदारांनी रॉचेस्टरचा किल्ला घेतला. विल्यम ऑबिनी त्यांचा नायक होता आणि त्याच्याबरोबर शंभराच्या आसपास सरदार होते. १३ ऑक्टोबरला जॉन स्वतः येऊन ठेपला. दुसऱ्याच दिवशी त्याने कँटरबरीला हुकूम धाडला की रात्रंदिवस खपून मिळतील तितक्या कुदळी घडवा. त्याच्या सैन्याने पाच यंत्रांनी तटावर दगडांचा मारा केला. राजाच्या माणसांनी कॅथेड्रल लुटले आणि त्यात घोडे बांधले. ज्या देवघराच्या उत्पन्नासाठी गंडल्फने हा तट उभारला, त्या देवघराला त्या तटाचा काही उपयोग झाला नाही. उलट तट होता म्हणून युद्ध देवघराच्या दारी आले.

बाहेरचा तट पडला तरी मनोरा पडेना. मग राजाने आग्नेय कोपऱ्याखाली सुरुंग खणायला लावला. त्या काळच्या सुरुंगात दारू नसे. पायाखालची माती काढून भिंत लाकडी टेकूंवर तोलून धरत आणि मग त्या टेकूंना आग लावत. २५ नोव्हेंबरला जॉनने आपल्या मुख्य अधिकाऱ्याला लिहिलेले आज्ञापत्र आजही उपलब्ध आहे. त्यात त्याने चाळीस डुकरे मागवली आहेत: चांगली लठ्ठ, पण खाण्यास सर्वांत निकृष्ट अशी. त्यांच्या चरबीने टेकू पेटले आणि मनोऱ्याचा कोपरा कोसळला.

तरीही शिबंदी शरण गेली नाही. विहिरीची ती मधली आडवी भिंत आम्ही पाहिली होती. तिच्यामागे ते लढत राहिले. अन्न संपले तेव्हा घोडे मारून खाल्ले. जे लढण्यास असमर्थ होते त्यांना बाहेर काढण्यात आले आणि त्यांपैकी काहींचे हातपाय राजाने तोडले, असे त्या काळचा एक इतिवृत्तकार लिहितो. ३० नोव्हेंबरला, संत आंद्रेच्या सणादिवशी, उपासमारीने किल्ला पडला. कॅथेड्रल त्या काळी याच संत आंद्रेला वाहिलेले होते. राजाला सर्वांना फासावर द्यायचे होते. परंतु त्याच्याच एका सेनानीने सांगितले की, आज आपण त्यांना लटकावले तर उद्या ते आपल्या माणसांना लटकावतील. त्यामुळे सरदार वाचले. लहानपणापासून राजाच्या पदरी वाढलेला एक तिरंदाज मात्र फासावर गेला.

हे ऐकताना आम्हांला वसईचा वेढा आठवला. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांच्या मराठी फौजेनेही सुरुंग लावूनच पोर्तुगीजांची तटबंदी फोडली. तेथे दारूचे सुरुंग होते, येथे चरबीचे. वसईत मात्र शरण आलेल्या शिबंदीला सन्मानाने बाहेर पडू दिले गेले. त्या किल्ल्यातही अनेक चर्चे आणि मठ तटाच्या आत होते, आणि आज त्यांच्या भिंतींवर पिंपळ उगवले आहेत. आपल्या श्रद्धेचे रोप त्या तटाच्या सावलीत लावले गेले हे आम्ही नाकारत नाही. पण तट पडल्यावरही ते रोप जगले. बाहेरच्या वाड्यांतून आणि आगरांतून, साध्या माणसांच्या घरांत ते वाढत राहिले.

"आता गोल बुरूज," मास्तर म्हणाले. जॉननंतर त्याचा मुलगा तिसरा हेन्री याच्या काळात पडलेला कोपरा पुन्हा बांधला गेला. चौकोनी कोपरा सुरुंगाने सहज ढासळतो हा धडा मिळाला होता, आणि तोवर बांधकामाची रीतही बदलली होती. म्हणून नवा कोपरा गोल झाला. मनोऱ्याकडे पाहून कोणाही पोराला कळते की हा येथे एकदा मोडला होता.

नंतर आम्ही कॅथेड्रलमध्ये गेलो. ६०४ साली स्थापन झालेले हे धर्मपीठ इंग्लंडमध्ये कँटरबरीच्या खालोखाल प्राचीन. सोळाव्या शतकातील फुटीनंतर ते अँग्लिकन बांधवांकडे आहे. तेथे मास्तर एक नाव उच्चारून थांबले: संत जॉन फिशर.

१५०४ पासून ते रॉचेस्टरचे बिशप होते. इंग्लंडमधील हा गरिबातला गरीब धर्मप्रांत. श्रीमंत धर्मप्रांताचा मोह न धरता ते येथेच तीस वर्षे राहिले. आठव्या हेन्री राजाने स्वतःला इंग्लंडच्या चर्चचा प्रमुख म्हणवून घेतले तेव्हा देशातील बाकीच्या सर्व बिशपांनी मान तुकवली. फिशर यांनी तुकवली नाही. त्यांना १५३४ साली लंडनच्या टॉवरमध्ये कोंडण्यात आले. तेथेच असताना पोप महोदयांनी त्यांना कार्डिनल केले, आणि २२ जून १५३५ रोजी टॉवर हिलवर त्यांचा शिरच्छेद झाला. १९३५ साली संत थॉमस मोर यांच्यासमवेत त्यांना संतपद देण्यात आले.

मास्तर एवढेच म्हणाले, "रॉचेस्टरच्या एका बिशपांनी तो टॉवर बांधला आणि रॉचेस्टरच्याच दुसऱ्या बिशपांना त्यात कोंडले."

आम्ही बाकावर बसून राहिलो. गंडल्फ वाईट नव्हता. त्याने प्रार्थनेत अश्रू ढाळले, मठ वसवले, हे मंदिर उभारायला घेतले. तट बांधतानाही त्याच्या मनात आपल्या चर्चचे हितच होते. आमच्याही मनात तेच होते. बांध सरकला होता हे खोटे नव्हते, आणि मेंढपाळाने कळपाला कुंपण घालू नये असे प्रभूनेही कोठे सांगितले नाही. परंतु प्रभूने स्वतःला त्या कुंपणाचे दार म्हटले आहे, भिंत म्हटलेले नाही. हे शुभवर्तमान आम्ही कित्येक वर्षे प्रवचनात समजावून सांगितले होते. दार न ठेवता भिंत घालण्याच्या ठरावावर सही करताना ते आम्हांला आठवले नव्हते.

परतीच्या वाटेवर मास्तरांनी शेजारच्या चॅथम गावात मोटार थांबवली. रहदारीच्या रस्त्यालगत एक लहानसे, काळवंडलेले जुने चॅपेल होते. कुष्ठरोग्यांसाठी १०७८ साली गंडल्फने स्थापन केलेल्या संत बार्थोलोम्यूच्या रुग्णालयाचे ते चॅपेल. ज्यांना गावाच्या वेशीबाहेर घालवले जाई त्यांच्यासाठी तेथे दार उघडे होते. पुढे त्याच नावाने रॉचेस्टरमध्ये मोठे रुग्णालय झाले आणि ते २०१६ पर्यंत चालले. म्हणजे नऊशेहून अधिक वर्षे त्या नावाखाली आजाऱ्यांची शुश्रूषा झाली. किल्ला पाहायला माणसे लांबून येतात. त्या चॅपेलपाशी त्या दुपारी आम्ही दोघेच होतो.

तेथे आम्ही मास्तरांना पाऊलवाटेची आणि आजींची गोष्ट सांगितली. त्यांनी उपदेश केला नाही. फक्त विचारले, "फादर, तुम्ही परत कधी जाता?"

परत आल्यावर पहिल्याच सभेत आम्ही भिंतीला दार पाडण्याचा विषय काढला. सभा तापली. एक सदस्य म्हणाले, "फादर, भिंत घाला म्हणून वर्गणी मागायला तुम्हीच आमच्या दारी आलात. आता ती फोडा म्हणूनही तुम्हीच सांगता?" त्यावर आमच्याकडे उत्तर नव्हते. आम्ही चुकलो, एवढेच म्हणालो. धर्मगुरूच्या तोंडून हा शब्द भर सभेत निघणे काहींना आवडले नाही. रॉचेस्टरची कथाही सांगून पाहिली. तिचा विशेष परिणाम झाला नाही. दुसऱ्या सभेत मात्र एक वयस्क शेतकरी उठले आणि म्हणाले की त्यांची आई भाजीची पाटी घेऊन आयुष्यभर याच वाटेने बाजारात गेली. मग कोणी फारसे बोलले नाही. चार फुटांचे दार पाडावे, सकाळच्या घंटेला उघडावे आणि तिन्हीसांजेला बंद करावे असे ठरले.

गवंड्याने भिंत फोडली आणि चौकट बसवली. नवा गिलावा जुन्याशी जुळला नाही. जोड लांबूनही दिसतो. रंग मारून घेऊ का, असे गवंड्याने विचारले. आम्ही नको म्हणालो.

पहिल्याच दिवशी पाड्यावरची मुले त्या दारातून धावत शाळेत गेली. आजी आल्या नाहीत. आठवडाभर वाट पाहून आम्ही पाड्यावर गेलो. त्यांनी ओटीवर चटई टाकली, पाणी दिले. दार केल्याचे आम्ही सांगितले. आजी म्हणाल्या, "पोरं सांगत हुती. पन दाराला कुलूप हाय ना, फादर? आज उघडं, उद्या लावाल."

परत येऊन आम्ही त्या दाराचे कुलूप काढून घेतले. त्याबद्दल कौन्सिलपुढे जाब द्यावा लागेल, तो देऊ. मुले रोज येतात-जातात. आजी अजून रस्त्यानेच जातात. सकाळची मिस्सा झाली की आम्ही थोडा वेळ त्या दाराशी जाऊन उभे राहतो.